वीस नावांची यादी

प्रेमानंदचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्या अक्षरानंच त्याचा घात केला.

अक्षर चांगलं असलं की लोक माणसाला लिहायला बसवतात. अर्ज लिही, पत्रिका लिही, विहाराच्या सभेचं इतिवृत्त लिही. त्यात प्रेमानंद कॉर्पोरेशनच्या पाणी खात्यातला. तीस वर्षं नळाची चावी फिरवली. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते त्याच्या हातात होतं. वस्तीतलं घरन् घर त्याला ओळखायचं. निवृत्त झाल्यावर पोलीस ठाण्यानं त्याला शांतता समितीत घेतलं. शांतता समिती म्हणजे काय, तर सणाच्या आधी ठाण्यात बोलावतात, चहा पाजतात, ‘शहराचं नाव खराब होऊ देऊ नका’ असं सांगतात आणि स्वयंसेवकांची यादी मागतात. वस्तीतली वीस चांगली पोरं. नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि एकेक फोटो. पोरांना टोपी मिळते, गळ्यात अडकवायचं कार्ड मिळतं. मिरवणूक निघाली की ही पोरं दोर धरून उभी राहतात, कोणाची माथी भडकली तर मधे पडतात. ती यादी दर वर्षी प्रेमानंद लिहायचा, रेघा आखून, आणि मोठ्या दिमाखात स्वतः ठाण्यात नेऊन द्यायचा.

दंगल मंगळवारी झाली. शुक्रवारी सकाळी संचारबंदी दोन तास उठली आणि दुधाची पिशवी घेऊन प्रेमानंद घरात शिरतो न शिरतो तोच कौसल्या दारात आली. पदर कसाही खोचलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“भाऊजी, विक्रमले नेलं जी!”

“कोणी?”

“पोलिसाईनं. पहाटे पाच वाजता आले, नाव विचारलं. हा म्हणे, हौ, मीच विक्रम. तसाच उचलला. शर्टसुद्धा घालू देला नाई माह्या लेकराले!”

कौसल्या म्हणजे प्रेमानंदच्या दिवंगत मित्राची बायको. धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहे. तीन वर्षांपूर्वी प्रेमानंदची बायको जयवंता त्याच दवाखान्यात शेवटचे सव्वीस दिवस होती, तेव्हा तिची वेणीफणी, अंग पुसणं, सगळं कौसल्यानं केलं. स्वतःची पाळी संपल्यावरही ती तिच्या उशाशी बसून राहायची. प्रेमानंद हे विसरणारा माणूस नव्हता.

आणि विक्रम? त्याच्यासारखा पोरगा वस्तीत दुसरा नाही, असं प्रेमानंद कोणालाही सांगायचा. पाच वर्षं पहाटे उठून मैदानावर धावला आणि यंदा वनरक्षक म्हणून लागला. पारशिवनीकडे, पेंचच्या जंगलात नेमणूक. पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. फक्त चारित्र्य पडताळणीचा कागद राहिला होता, आणि तो निघायचा होता याच ठाण्यातून. एक गुन्हा नावावर चढला की नोकरी गेलीच. ही नाही आणि पुढची कोणतीच सरकारी नाही. कौसल्याला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“अकरा वाजता कोर्टात नेणार म्हणतात. भाऊजी, कागदावर नाव चढायच्या आधी काही करा ना. तुमचं ऐकतात ते लोक.”

“अवं वहिनी, रडून काहून राहिल्या? ठाणेदार आपला माणूस आहे. चला, अर्ध्या तासात घेऊन येतो त्याले,” प्रेमानंद म्हणाला. आणि त्याला ते खरंच वाटत होतं, हेच तर वाईट.

जाताना वाटेत बाजाराचं मैदान लागलं. जळालेल्या हातगाड्यांचे सांगाडे तसेच पडले होते. भांडण कशावरून झालं, हे टीव्हीवाल्यांना विचाराल तर ते सांगतील, झेंड्यावरून. काही नाही हो! भांडण होतं ओट्यांवरून. या मैदानात एकशे चाळीस गाड्या लागायच्या, नाल्याच्या अलीकडच्या, म्हणजे प्रेमानंदच्या वस्तीतल्या, आणि पलीकडच्याही. कॉर्पोरेशननं ठरवलं, इथं व्यापारी संकुल बांधायचं आणि गाडीवाल्यांना पक्के ओटे द्यायचे. ओटे किती? चौसष्ट. आता एकशे चाळीस माणसांना चौसष्ट ओटे कसे पुरणार, हे पहिलीतलं पोरगंही विचारेल, पण साहेबलोकांनी नाही विचारलं. सोडत निघणार म्हणाले. तीनदा तारीख दिली, तीनदा पुढे ढकलली. विचारायला जावं तर खिडकीवरचा बाबू म्हणतो फाइल वर आहे, आणि वरचा म्हणतो फाइल खाली आहे. नगरसेवक गाठावा तर निवडणूकच झालेली नाही. अशी मोकळी जागा सापडली की काही लोकांना बरोबर वास लागतो. तिकिटाच्या आशेवर असलेला एक इच्छुक अलीकडच्यांना सांगू लागला, पलीकडचे तुमचे ओटे खाणार. पलीकडे दुसरा इच्छुक बसलाच होता, तो तिकडे तेच सांगत होता.

प्रेमानंदला हे सगळं ओळखीचं होतं. नळाला तासभर पाणी असलं की सगळी गल्ली एकमेकांची काका-मावशी असते. तेच पाणी वीस मिनिटांवर आलं की कोण कुठून आलं, कोणाची जात काय, कोण आधीपासूनचा आणि कोण उपरा, सगळं लोकांना एकाएकी आठवायला लागतं. त्यानं हे रोज पाहिलं होतं. मग अलीकडच्या इच्छुकानं मैदानाच्या मधोमध खांब रोवून झेंडा लावला. मंगळवारी सकाळी तो झेंडा खाली पडलेला सापडला. वाऱ्यानं पडला की कोणी पाडला, देव जाणे. दुपारपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ फिरला, संध्याकाळी ‘गद्दारांना हाकला’ अशा घोषणा सुरू झाल्या. चौसष्ट ओट्यांचं भांडण एका दिवसात देशाचं भांडण होऊन बसलं. आणि जळालं काय? तर गाड्याच. दोन्हीकडच्या.

त्या दंगलीत म्हातारा धोंडबा पेरूवाला डोक्यात दगड लागून पडला. सगळे पळत असताना त्याला उचलून, स्कूटरवर पुढ्यात धरून मेडिकलला, सरकारी दवाखान्यात, कोणी नेलं? विक्रमनं. त्याच्या शर्टावर धोंडब्याचं रक्त होतं. डाग जाईना म्हणून कौसल्यानं तो शर्ट पुन्हा बादलीत भिजत टाकला होता, आणि पोलिसांनी तोच बादलीतून काढून पिशवीत भरून नेला.

प्रेमानंदला चालता चालता एकच समाधान होतं. त्याचा मुलगा उन्मेष मंगळवारी शहरात नव्हता. डिप्लोमा झालेला, सव्वीस वर्षांचा. मिहानच्या एका गोदामात कंत्राटावर होता, कंत्राट संपलं तेव्हापासून घरी. सहा महिन्यांपासून त्याच झेंडेवाल्या इच्छुकाच्या मागे मागे फिरायचा; ‘विभाग संघटक’ असं लिहिलेलं कार्ड त्याला मिळालं होतं, ते तो उशाशी ठेवून झोपायचा. स्वयंसेवकांच्या यादीत नाव घालू का, असं प्रेमानंदनं विचारलं होतं, तर म्हणाला, “बाबा, ही फुकटची हमाली मले सांगू नका.” मंगळवारी तो खाप्याला आत्याकडे गेला होता. रात्री फोन आला तेव्हा त्यानं तसं सांगितलं, आणि प्रेमानंदनं हात जोडून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला नमस्कार केला.

ठाण्याच्या फाटकाशी पोचला आणि तो थबकला. तिथं दहा-बारा बायका बसल्या होत्या, सगळ्या त्याच्या वस्तीतल्या. कोणाचा मुलगा, कोणाचा दीर, कोणाचा नवरा. त्यानं एकेकीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात नावं जुळवली. तिसरं नाव. सातवं नाव. अकरावं.

कौसल्याला फाटकाशी थांबवून तो आत गेला, तर ठाणेदार देवतळे टेबलाशी बसले होते. तीन दिवसांची दाढी, डोळे लाल, समोर थंड झालेला चहा. माणूस वाईट नव्हता. प्रेमानंदनं त्यांच्याबरोबर चार गणपती, चार ईद आणि चार धम्मचक्र प्रवर्तन दिन काढले होते. आणि टेबलावर, पेपरवेटखाली, रेघा आखलेला एक कागद होता. क्रमांक एक, विक्रम. नावासमोर लाल शाईनं बरोबरची खूण. खाली आणखी चौदा खुणा.

“साहेब,” प्रेमानंद कागदावर बोट ठेवत म्हणाला. “साहेब, ही यादी तर मी देली होती.”

“हो.”

“अहो, ही दंगल थांबवणाऱ्या पोट्ट्यांची यादी आहे जी!”

“माहीत आहे,” देवतळे म्हणाले.

चुकून झालं असेल, साहेबांना सांगितलं की ते कपाळावर हात मारतील, अशी प्रेमानंदची वाटभर समजूत होती. तो धरून आणलेला धीर त्या दोन शब्दांनी गेला.

“बसा, काका. खोटं बोलत नाही तुमच्याशी. माझ्याकडे अठ्ठावीस माणसं. समोर दोन हजारांचा जमाव, तोंडाला दुपट्टे बांधलेला. कोण कुठून आला, कोणत्या गाडीवर आला, काही पत्ता नाही. आणि वरून फोन आला, शुक्रवार संध्याकाळपर्यंत चाळीस अटका दाखवा. कुठून आणू चाळीस? ज्याचा पत्ता माझ्याकडे आहे, नंबर आहे, फोटो आहे, तोच मला सापडतो. नाल्यापलीकडच्या समितीचीही यादी आहे. तिथलेही उचलले. पक्षपात नाही केला.”

“म्हणजे जे शहाणे, तेच आत?”

“जे सापडले, ते आत.”

“आणि ज्यानं झेंडा लावला, ज्यानं व्हिडिओ फिरवला, तो?”

देवतळेंनी थंड चहाचा कप बाजूला सारला. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. त्या माणसाला हात लावायची या ठाण्याची ताकद नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. एवढं मोठं सरकार, एवढी मोठी इमारत, दारात बंदूकवाला उभा, आणि जोर कोणावर चालतो? दोर धरून उभ्या राहणाऱ्या पोरांवर. प्रेमानंदला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग भीती.

त्यानं हात जोडले. “साहेब, बाकीच्याईचं मी मागून बोलतो. पण विक्रमले सोडा. त्याची नोकरी लागली आहे. विधवेचा एकुलता एक पोट्टा आहे. धोंडब्याले त्यानंच दवाखान्यात नेलं, ते रक्त त्याचंच आहे शर्टावर. तुम्ही मेडिकलमध्ये विचारा ना. मी तुमच्या पाया पडतो.”

तो खरंच खाली वाकला. देवतळेंनी उठून त्याला धरलं, खुर्चीत बसवलं. दार लोटून घेतलं.

“धोंडबा काही वाचत नाही, काका. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं. तो गेला की कलम बदलेल. मग रक्ताच्या शर्टवाल्याला कोणीच सोडवू शकणार नाही, मी पण नाही. जे करायचं ते अकराच्या आत.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “एक रस्ता आहे. दगड मारणारा कॅमेऱ्यात आहे. औषधाच्या दुकानाचा कॅमेरा. डावखुरा आहे. माझ्या लोकांना ओळखू येईना. तुम्ही तीस वर्षं घरोघर फिरलात. तुम्ही नुसतं नाव सांगा. हातात खरा आरोपी आला की विक्रमला मी आत्ता, या दारातून, घरी पाठवतो. चौकशीला आणला होता, सोडून दिला. कुठं कागद नाही, काही नाही. शब्द देतो.”

“दाखवा जी,” प्रेमानंद म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला. वस्तीतला असो की पलीकडचा, कोणाचाही असो, खरं नाव सांगायला तो घाबरणार नव्हता. धोंडब्याकडून चाळीस वर्षं त्यानं पेरू घेतले होते.

देवतळेंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. बाजाराचं तोंड, पळणारी माणसं, धूर. मग उजवीकडून एक जण आला. तोंडाला दुपट्टा, काळा टी-शर्ट. डावा खांदा किंचित उतरलेला. तो चालला आणि प्रेमानंद पडद्याजवळ सरकला. उन्मेष आठ वर्षांचा असताना जांभळीवरून पडला होता. खांद्याजवळचं हंसळीचं हाड मोडलं, नीट जुळलं नाही, तेव्हापासून तो असाच चालतो. नाही, नाही. असे खांदे शंभर जणांचे असतात. पडद्यावरच्या पोरानं वाकून दगड उचलला, डाव्या हातानं फेकला. चौकटीच्या कडेला एक म्हातारा गाडीच्या मागे वाकला होता, तो सरळ आडवा झाला. फेकणाऱ्याचा दुपट्टा झटक्यानं खाली सरकला. त्यानं तो वर ओढला. एवढंच. दीड-दोन सेकंद.

“पुन्हा दाखवू?”

“हौ.”

पुन्हा दाखवलं. दुपट्टा पुन्हा सरकला. जयवंताची हनुवटी, जयवंताचे ओठ. खाप्याला आत्याकडे गेलेला उन्मेष.

प्रेमानंदच्या मनात एकाच वेळी किती गोष्टी आल्या म्हणून सांगू! हे पोर माझं नव्हे, असं वाटलं. धावत जाऊन त्याच्या थोबाडीत मारावी, असं वाटलं. त्याला कुशीत लपवावं, असंही वाटलं. जयवंता जाताना काय म्हणाली होती? “उन्मेषले सांभाळा.” दुसरं काही नाही. आणि ती हे म्हणाली तेव्हा तिचा हात कोणाच्या हातात होता? कौसल्याच्या.

बोल ना गा, तो स्वतःला म्हणाला. दोनच शब्द आहेत. खऱ्याचा माणूस म्हणून मिरवलास ना इतकी वर्षं? तिकडे कोठडीत क्रमांक एक बसला आहे. तूच त्याला एक नंबर दिलास.

“ओळखता का, काका?” देवतळेंनी विचारलं. ते त्याच्या चेहऱ्याकडे फार बारकाईनं पाहत होते.

“नाही,” प्रेमानंद म्हणाला.

“नीट पहा. घाई नाही.”

“आपल्या वस्तीतला नाही जी. बाहेरचा दिसून राहिला.”

देवतळेंनी डोळे चोळले आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला. समजलं असेल का त्यांना? प्रेमानंदला ते पुढे कधीच कळलं नाही. त्यांनी हवालदाराला हाक मारली आणि जबाब लिहून घेतला, चार ओळींचा. चित्रण पाहिलं, कोणासही ओळखत नाही. प्रेमानंदनं सही केली. त्या सुंदर अक्षरातली सही त्याला दुसऱ्याच कोणाची वाटली.

तो बाहेर आला तेव्हा पोरांना गाडीत चढवत होते. जोडीजोडीनं, हाताला दोरखंड. विक्रम बनियनवर होता, पाय अनवाणी. प्रेमानंदला पाहून त्याचा चेहरा उजळला.

“काका! सांगितलं ना साहेबाले? धोंडबाबाचं सांगितलं ना?”

“सांगितलं, बाप्पा. सगळं सांगितलं.”

“मग होते सगळं ठीक. मायले सांगा, घाबरू नको म्हणा,” विक्रम म्हणाला, आणि मागच्यानं ढकललं तसा आत गेला. जाळीचं दार लागलं. फाटकाजवळच्या बायका एकदम ओरडल्या, गाडीच्या मागे धावल्या, आणि संचारबंदीची वेळ झाली म्हणून शिपायांनी काठ्या आपटून त्यांना मागे सारलं.

कौसल्या धावली नाही. ती फाटकाच्या खांबाला धरून उभी होती. प्रेमानंद तिच्याकडे गेला. शिव्या देईल, तोंडावर थुंकेल, यादी कोणी लिहिली ते तिला आता कळलंच असेल, असं त्याला वाटलं. तिनं तसं करावं, अशी त्याची इच्छाही होती. मेलो तरी चालेल, पण हिनं मला मारावं.

“नाही ऐकलं त्यांनी,” तो म्हणाला.

“तुम्ही पाया पडले म्हणे त्याच्या. हवालदार सांगून राहिला होता.” कौसल्यानं पदरानं नाक पुसलं. “कोणासाठी कोण पाया पडते जी आजच्या काळात? त्या बाया म्हणतात यादी तुम्ही देली. मी म्हटलं, तोंड सांभाळा. त्याईनं चांगल्यासाठीच देली होती.”

प्रेमानंद फाटकाच्या कठड्यावर बसला आणि ढसाढसा रडू लागला, लहान मूल रडावं तसा. बासष्ट वर्षांचा माणूस, रस्त्यावर. कौसल्या त्याच्या शेजारी बसली. तिचं स्वतःचं पोर गाडीत घालून नेलं होतं, आणि ती याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“उगे राहा, भाऊजी. तुमच्यानं झालं तेवढं तुम्ही केलं.” मग तिला काहीतरी सुचलं आणि त्या दुःखातही तिच्या आवाजात खरोखरचा दिलासा आला. “एक बरं झालं पाहा, उन्मेष खाप्याले होता. इथी असता, तर त्यालेही नेलं असतं मेल्यांनी.”

प्रेमानंदनं मान वर केली नाही.

“हौ वं वहिनी,” तो म्हणाला, “बरं झालं.”